दहा दाण्यांची वीज

पहाटेचे चार वाजले होते. तहान लागली म्हणून मला जाग आली. समोर पाहतो तर बाबा स्वेटरवर जॅकेट आणि जॅकेटवर आईची शाल अशा अवतारात बाकावर ताठ बसलेले. मोटरहोममधला छोटा दिवा मंद चालू होता. शेजारी त्यांचं सीपॅप मशीन बंद होतं आणि त्याची नळी नीट गुंडाळून ठेवलेली होती.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही रे. एकच्या सुमाराला मशीन बंद पडलं. गारही झालंय जरा. तू झोप, उद्या तुला गाडी चालवायचीय."

म्हणजे तीन तास ते असे बसून होते. आडवं झालं की श्वास अडकतो, म्हणून बसून. आणि मला उठवायचं नाही, कारण मी दिवसभर गाडी चालवली होती.

मंडळी, ही गोष्ट स्कॉटलंडमधली, ऑक्टोबरमधली. त्या रात्रीनंतर विजेकडे बघायची माझी नजरच बदलली. पेशानं मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, बीई झालेला. ओहमचा नियम परीक्षेत बरोबर लिहिलेला. तरीही चुकलो. कुठे चुकलो आणि पुढचे सहा दिवस आम्ही पाच जणांनी दहा अँपिअरमध्ये कसे मजेत काढले, ते सांगतो. आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं आता परदेशात आहेत, आईबाबा त्यांच्याकडे जातात आणि मोटरहोमची सहल हा सगळ्यांच्या आवडीचा बेत होत चाललाय. कुणाला तरी उपयोग होईल.

घरच गाडीत, पण वीज मोजकी

आम्ही मूळचे बडोद्याचे, घर दांडिया बाजारच्या बाजूला. कंपनीच्या कामासाठी मी, बायको आणि सात वर्षांची लेक लीड्सला राहत होतो. आईबाबा दोन महिन्यांसाठी आले होते. आईला बाहेरचं जेवण चालत नाही, बाबांना दर दोन तासांनी पाय मोकळे करावे लागतात. हॉटेलांचं बुकिंग, सामानाची चढउतार यापेक्षा मोटरहोम भाड्यानं घेऊ, असं बायकोनं सुचवलं. गाडीतच ओटा, गॅस, फ्रीज, बाथरूम आणि बिछाने. आईनं डबाभर थेपले, लीलो चेवडो, भाकरवडी आणि छोटा मिक्सर बरोबर घेतला आणि आम्ही निघालो. ग्लासगोच्या पुढे ए-८२ हा रस्ता लॉक लोमंडच्या काठानं ग्लेन्को, फोर्ट विल्यम आणि लॉक नेसपर्यंत जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला डोंगर. आई म्हणाली, खंडाळ्याचा घाट कुणीतरी फ्रीजमध्ये ठेवल्यासारखा वाटतोय.

रात्री मुक्काम कॅम्पसाइटवर. तिथे प्रत्येक गाडीसाठी आखून दिलेली जागा असते आणि जागेजवळ विजेचा खांब, साधारण कमरेएवढ्या उंचीचा. त्यात निळ्या रंगाचं गोल, तीन पिनांचं सॉकेट. आपल्या गाडीची जाडजूड नारिंगी केबल तिथे लावली की गाडीत घरासारखी २३० व्होल्टची वीज येते. याला हुक-अप म्हणतात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोटरहोममध्ये दोन वेगळे संसार असतात. एक १२ व्होल्टचा. गाडीतल्या वेगळ्या बॅटरीवर दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतो. दुसरा २३० व्होल्टचा. त्यावर भिंतीतली सॉकेट्स, हीटरची विजेवर तापणारी कॉइल, फ्रीजची कॉइल आणि त्या बॅटरीचा चार्जर चालतो. हुक-अपची वीज गेली तर दिवे मात्र जळतच राहतात. म्हणूनच त्या रात्री काही बिघडलंय हे झोपेत कुणालाच कळलं नाही. कळलं फक्त बाबांना.

त्या रात्रीचं गणित

आमच्या साइटवर प्रत्येक खांबाला १० अँपिअरची मर्यादा होती. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० गुणिले १० म्हणजे २३०० वॅट. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट मिळतात, काही ठिकाणी १०. युरोपात ६ अँपिअरच्या साइट्सही भरपूर आहेत, म्हणजे फक्त १३८० वॅट. तुलना करायची तर इंग्लंडमधल्या घरातली साधी विजेची किटलीच ३००० वॅटची असते. ती एकटी १३ अँपिअर ओढते.

हे सगळं मला माहीत होतं. किटली मी लावलीच नाही. पण मी काय काय लावलं होतं बघा.

गाडीचा हीटर वीज आणि गॅस दोन्हींवर चालणारा होता. विजेचे पैसे साइटच्या भाड्यात आलेले, गॅसचे वेगळे. आपला स्वभाव तुम्हाला माहीत आहेच. मी हीटर पूर्ण विजेवर ठेवला, १८०० वॅट म्हणजे ७.८ अँपिअर. फ्रीज १६० वॅट, ०.७. बॅटरीचा चार्जर ३०० वॅट, १.३. बाबांचं मशीन त्याच्या गरम ह्युमिडिफायरसकट ९० वॅट, ०.४. बेरीज १०.२. मर्यादेच्या जरा वर, पण संध्याकाळपासून काहीच पडलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. रात्री बाराला आईचे पाय गार पडले, म्हणून घरून आणलेला छोटा फॅन हीटर १००० वॅटवर लावला. आणखी ४.३. एकूण १४.५.

तरीही एमसीबी पडला नाही. मी मनात म्हटलं, चालतंय की! आणि झोपलो.

खरी गोम इथेच आहे. शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी क्षणात पडतो. पण लोड मर्यादेपेक्षा थोडासाच जास्त असेल तर आतली धातूची पट्टी हळूहळू तापते, वाकते आणि मग पडतो. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मर्यादेच्या १.१३ पट लोडला तो तासाभरात पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवा. माझे १०.२ पहिल्या हिशेबात बसले, १४.५ दुसऱ्या. म्हणून संध्याकाळ सुरळीत गेली आणि आम्ही गाढ झोपल्यावर वीज गेली.

चार वाजता मी गाडीतला बोर्ड उघडून पाहिला. सगळे स्विच वर. तेव्हा लक्षात आलं की खांबातला एमसीबी पडलाय. बाहेर जाऊन पाहिलं तर खांबाच्या झाकणाला कुलूप आणि ऑफिस सकाळी नऊला उघडणार. हीटर गॅसवर टाकायला दोन मिनिटं लागली आणि गाडी उबदार झाली. पण बाबांच्या मशीनला गॅस चालत नाही.

मी त्यांच्याशेजारी बसून राहिलो. पाच वाजता गॅसवर आल्याचा चहा केला. एकीकडे मनात हिशेब चालू होता आणि चूक दिसत होती. मी यादी केली होती ती वॅटच्या उतरत्या क्रमानं. हीटर सगळ्यात वर आणि बाबांचं मशीन सगळ्यात खाली, 'किरकोळ' म्हणून. ९० वॅटची वस्तू, तिचा काय विचार करायचा! पण गाडीतली जी एकच गोष्ट रात्रभर बंद पडून चालणार नव्हती, ती नेमकी तीच होती. कोण किती वीज खातं आणि कोणाची किती गरज आहे, हे दोन वेगळे रकाने आहेत. मी एकच मांडला होता.

कॅशियरची टोकनं

बाबा बँकेत कॅशियर होते, पस्तीस वर्षं. चहा पिता पिता म्हणाले, "तुझं गणित बरोबर असेल रे, पण ते तुझ्या डोक्यात आहे. आईला कसं कळणार किती शिल्लक आहे ते? आमच्याकडे काउंटरवर पितळी टोकनं असायची. हातात टोकन असेल त्याचेच पैसे निघायचे."

मला हसू आलं. कारण आम्ही सॉफ्टवेअरवालेही अगदी हेच करतो. एखादी गोष्ट मोजकीच असेल आणि मागणारे अनेक असतील, तर आधी टोकन घ्या, काम झालं की परत करा. फक्त आम्ही त्याला इंग्रजी नाव देऊन पगार घेतो.

सकाळी नऊला साइटच्या माणसानं कुलूप उघडून स्विच वर केला. दहा सेकंदांचं काम. तोपर्यंत आईनं तिच्या डब्यातून दहा राजमे मोजून एका वाटीत काढले होते. एक राजमा म्हणजे एक अँपिअर. नियम तीनच.

पहिला नियम: काहीही चालू करण्याआधी वाटीतून तेवढे दाणे काढून त्या वस्तूजवळ ठेवायचे. बंद केलं की दाणे परत वाटीत. अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा धरायचा.

दुसरा नियम: जे थांबून चालणार नाही, त्याचे दाणे आधी बाजूला. बाबांचं मशीन आणि फोनची चार्जिंग मिळून एक, फ्रीज आणि चार्जर मिळून दोन. हे तीन दाणे एका वेगळ्या वाटीत, त्यांना कुणी हात लावायचा नाही.

तिसरा नियम आईचा: वाटी कधी पूर्ण रिकामी करायची नाही. धान्याचा डबा आपण कधी खडखडीत करत नाही, मूठभर तळाला ठेवतोच, तसा एक दाणा शिल्लक राहिलाच पाहिजे. इंजिनीअर याला सेफ्टी मार्जिन म्हणतात.

म्हणजे खर्चाला उरले सहा. लेकीची नेमणूक वीजमंत्री म्हणून झाली. तिच्या परवानगीशिवाय गाडीत एकही बटण दाबायचं नाही, असं तिनं आम्हाला बजावलं आणि पहिल्याच दिवशी आजोबांना इस्त्रीबद्दल दटावलं. खरं तर इस्त्री आम्ही आणलीच नव्हती.

कोणाला किती दाणे?

आमची यादी देतो. आकडे आमच्या वस्तूंचे आहेत. प्रत्येक वस्तूच्या मागे किंवा तळाला वॅट छापलेले असतात. त्याला २३० नं भागलं की अँपिअर मिळतात.

हीटर ९०० वॅटवर: ४ दाणे
हीटर १८०० वॅटवर: ८ दाणे
प्रवासाची छोटी किटली, ७५० वॅट: ४ दाणे
टोस्टर, ९०० वॅट: ४ दाणे
मायक्रोवेव्ह: ६ दाणे
छोटा मिक्सर, ५०० वॅट: ३ दाणे
छोटा राइस कुकर, ५०० वॅट: ३ दाणे
हेअर ड्रायर, २००० वॅट: ९ दाणे
लॅपटॉप: अर्धाही नाही, पण नियमाप्रमाणे १

मायक्रोवेव्हची एक फसवणूक लक्षात ठेवा. त्यावर ठळक लिहिलेले ८०० वॅट अन्नाला मिळणारे असतात. भिंतीतून तो साधारण १२०० ओढतो.

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट दिसेल. जे तापवतं ते दाणे खातं. दिवे, फोन, लॅपटॉप, टीव्ही यांचा खर्च जवळजवळ नगण्य. म्हणून वीज वाचवायची म्हणून मुलांना अंधारात बसवू नका. उष्णता देणाऱ्या दोन वस्तू एका वेळी लावायच्या नाहीत, एवढं सांभाळलं की बहुतेक काम झालं.

आणि उष्णतेसाठी गाडीत दुसरी सोय असतेच, ती म्हणजे गॅस. आपल्या बडोद्याच्या भाषेत बाटला. चहा, खिचडी, पोळ्या सगळं गॅसवर. थंडीच्या दिवसांत बाटला प्रोपेनचा आहे का ते विचारून घ्या. ब्यूटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते आणि शेगडी रुसते. प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही चालतो. मात्र ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. त्या वायूला वास नसतो. गाडीतली हवेची जाळी कापडानं बंद करू नका आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बटण दाबून पाहा.

नळ बारीक आहे, टाकी रिकामी नाही

आईचा एक प्रश्न फार चांगला होता. "छोटी किटली जास्त वेळ घेते, मग वीज जास्त नाही का जळत?"

नाही. एक लिटर पाणी १० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ०.१ युनिट वीज लागते. मोठी किटली ते सव्वादोन मिनिटांत देते, ७५० वॅटची किटली आठ-नऊ मिनिटांत. वाटेत थोडी उष्णता हवेत जाते तेवढाच फरक. हंडा तोच, नळाची धार बारीक. मोटरहोमच्या मुक्कामात अडचण असते ती धारेची. २३०० वॅटची धार दिवसभर चालू राहिली तर २४ तासांत ५५ युनिट होतात, पाच माणसांना खच्चून. कमी पडते ती वीज नव्हे, एका वेळची वीज. म्हणून उत्तरही वेळेतच असतं. एकामागून एक करा, घाई नको.

आमची सकाळ अशी बसली. उठल्यावर हीटर गॅसवर, म्हणजे सहाही दाणे मोकळे. गॅसवर चहा. चार दाण्यांत टोस्ट. ते परत आले की तीन दाण्यांत आईची चटणी, मिक्सरचा एक मिनिट. मग राइस कुकर लावून सगळे तळ्याकाठी फिरायला. आल्यावर भात तयार. दुपारी गाडी चालवताना इंजिनवर बॅटरी चार्ज होते आणि फ्रीजही १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी नव्या साइटवर पोचेपर्यंत चार्जरची भूक कमी झालेली असते. लेकीचे ओले केस हेअर ड्रायरऐवजी साइटच्या बाथरूममध्ये वाळवायचे. तिथली वीज आपल्या वाटीतली नाही.

रात्री हीटर मिश्र पद्धतीवर, ९०० वॅट वीज आणि बाकी गॅस. आमच्या हीटरमध्ये या पद्धतीत वीज गेली तर तो आपोआप गॅसवर जायचा. पहिल्या रात्री मी हेच बटण वापरलं असतं तर निदान थंडी तरी वाजली नसती.

बाबांच्या मशीनची सोय

पण हे सगळं करूनही एक प्रश्न उरतच होता. खांबातली वीज आपल्या चुकीशिवायही जाऊ शकते. बाबांचं मशीन तिच्यावर सोडून कसं चालेल?

बडोद्याला त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. काही रात्री ह्युमिडिफायर बंद ठेवला तर चालेल, असं ते म्हणाले. गरम करणारा भाग गेला की मशीन जेमतेम ४० वॅट घेतं. आठ तासांचे ३२० वॅट-तास. गाडीतली बॅटरी १०० अँपिअर-तासाची, १२ व्होल्टनं गुणलं तर १२०० वॅट-तास. शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे हाताशी ६०० उरतात. इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जातं ते धरूनही रात्र निघते.

दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमला पोचल्यावर एका दुकानातून ३०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला आणि बाबांचं मशीन त्यावर लावलं. चार्जर बॅटरी भरत राहतो आणि मशीन बॅटरीवर चालत राहतं. हुक-अप गेलं तरी मशीनला पत्ता लागत नाही. घरी कॉम्प्युटरला यूपीएस लावतो तसं. बऱ्याच मशीनना १२ व्होल्टचा त्यांच्याच कंपनीचा अडॅप्टर मिळतो, तो सगळ्यात चांगला. आम्ही नंतर तो मागवला. सहलीला निघण्याआधी आठवड्याभरानं मागवला असता तर ही कहाणीच घडली नसती. तुमच्या घरी कुणाचं असं मशीन असेल, नेब्युलायझर असेल किंवा थंड ठेवावं लागणारं इन्सुलिन असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि त्याची सोय पहिली करा. बिछाने कुणाचे कुठे, हे नंतर ठरवा.

त्या रात्री ग्लेन्कोच्या अलीकडे मुसळधार पाऊस होता. अडीच वाजता मला मुद्दाम लावल्यासारखी जाग आली. बाबांच्या मशीनचा बारीक सूऽऽ असा आवाज येत होता. तो ऐकत मी पुन्हा झोपलो.

केबल लावताना

थोड्या सुरक्षेच्या गोष्टी, ज्या मला साइटवरच्या अनुभवी लोकांकडून शिकायला मिळाल्या.

केबल बहुतेक २५ मीटरची असते. खांब पाच मीटरवर असला तरी ती पूर्ण उलगडा. गुंडाळीतच ठेवून हीटर लावला तर आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि केबल वितळू शकते. उरलेली केबल गाडीखाली सैल पसरून ठेवा.

लावताना आधी गाडीच्या बाजूला, मग खांबाला. काढताना उलट, आधी खांबाकडून. म्हणजे हातात धरलेल्या टोकात कधीच वीज नसते. लावण्याआधी गाडीतल्या जड वस्तू बंद ठेवा. लावून झालं की बोर्डावरच्या आरसीडीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो ना ते पाहा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीडी माणूस.

एमसीबी पडला तर लगेच पुन्हा वर करू नका. आधी काय जास्त झालं ते शोधा, ती वस्तू बंद करा, मगच वर करा. वारंवार पडत असेल तर साइटच्या माणसाला सांगा. आणि पहिल्या दिवशीच दोन प्रश्न विचारा: इथे किती अँपिअर आहेत आणि रात्री पडला तर कुणाला हाक मारायची? मी दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं फ्रान्सला गेलो. तिथे बऱ्याच साइट्सवर ६ की १० अँपिअर हे आपणच निवडायचं आणि तसे पैसे भरायचे. आम्ही सहा घेतले. काउंटरवरच्या बाईंना वाटलं, यांना जमणार नाही. वीजमंत्र्यांनी खिशातून राजमे काढून सहा मोजले, चार परत ठेवले. हीटर लागत नव्हता, स्वयंपाक गॅसवर होता. आठवडाभर एकदाही एमसीबी पडला नाही. युरोपात कधी कधी सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. अशा वेळी वस्तूचा स्विच बंद करूनही तिच्यात वीज राहू शकते. पंधरा-वीस युरोत मिळणारा पोलॅरिटी टेस्टर जवळ ठेवा.

दांडिया बाजारातले तीन दाणे

आता आम्ही बडोद्याला परत आलोय. आपल्याकडेही कॅराव्हॅन येऊ लागल्यात. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. उद्या तुम्ही कोकणात एखाद्या वाडीत गाडी उभी करून घरमालकाच्या सॉकेटला केबल लावाल, तेव्हा हेच गणित लागेल. तिथलं वायरिंग किती जुनं आहे, हे आधी विचारा एवढंच जास्तीचं.

पण गाडी नसली तरी हे गणित घरात असतंच. विजेच्या बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, कधी वाचलाय? आणि घरचा इन्व्हर्टर? आमचा साधारण ७०० वॅट देतो. म्हणजे तीन दाणे. मे महिन्यात एकदा रात्री वीज गेली. मी उठून पंखे, राउटर, टीव्ही असा विचार करतोय, तोवर लेक बाहेर आली. तिनं फ्रीजवरच्या वाटीतून तीन राजमे घेतले आणि इन्व्हर्टरवर ठेवले. मग त्यातला एक उचलून आजोबांच्या खोलीत त्यांच्या मशीनजवळ नेऊन ठेवला.

"हा कुणी घ्यायचा नाही," ती म्हणाली. "आता उरलेल्या दोनांत काय लावायचं ते तुम्ही ठरवा."